बोगद्यातून आलेले ताट

इंदूरला जाणारा मराठी पाहुणा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात जेवतो आणि तृप्त होऊन परततो. खान नदीच्या काठी असलेल्या लालबाग राजवाड्याकडे वळणारे त्या मानाने थोडे. गेल्या जानेवारीत मला तेथे जाण्याचा योग आला. १८८६ च्या सुमारास या वास्तूचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, ते पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरील लोखंडी फाटक, नृत्यासाठी मुद्दाम लवचीक केलेली लाकडी जमीन, संगमरवर, झुंबरे, चित्रे, सारे काही डोळे दिपवणारे. परंतु वाचकहो, माझ्या मनात जी गोष्ट घर करून राहिली ती यांपैकी कोणतीच नव्हे. ती गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही.

राजवाड्याचे भोजनगृह नदीच्या या तीरावर आहे आणि मुदपाकखाना मात्र पैलतीरावर होता! दोहोंना जोडणारा एक बोगदा जमिनीखालून काढलेला होता आणि त्यातून शिजलेले अन्न महाराजांच्या पंगतीला येत असे. हेतू उघड आहे. धूर, फोडणीचा ठसका, भांड्यांचा आवाज आणि आचाऱ्यांची धावपळ यांपैकी कशाचाही स्पर्श पाहुण्यांना होऊ नये. ताट मात्र वेळेवर यावे आणि गरम यावे.

माझ्यासोबत एक तरुण होता. तो व्यवसायाने आचारी. बोगद्याची हकीकत ऐकून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फादर, ज्याने हे बांधले त्याला मी नावे ठेवणार नाही. जेवणाऱ्याला निवांतपणा हवाच. पण या वाटेने ताट तेवढे येई. ज्याने ते रांधले त्याचे नाव काही येत नसे."

त्याचे हे बोलणे मी विसरलो नाही. हा लेख त्याच बोलण्यातून निघाला आहे.

एका मातेचे डबे

या तरुणाची ओळख करून देणे भाग आहे. त्याच्या आईचे माहेर वसईकडचे, आमच्याच धर्मग्रामातले. लग्नानंतर ती इंदूरला गेली, कारण पतीला तेथील एका कापडगिरणीत काम होते. पुढे गिरणी बंद पडली. घरात दोन लहान मुले. त्या माउलीने रडत न बसता शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचे डबे करावयास प्रारंभ केला. पहाटे चार वाजता उठायचे, कणकेचा डोंगर मळायचा, पोळ्यांची चवड रचायची, आणि नऊच्या आत चाळीस डबे दाराबाहेर गेलेले असायचे. हे तिने एक-दोन वर्षे नव्हे, तब्बल वीसहून अधिक वर्षे केले. त्या पोळ्यांवर मुलीचे शिक्षण झाले आणि त्याच पोळ्यांवर हा मुलगा पाककलेच्या विद्यालयात गेला.

आज तो मुंबईतील एका अत्यंत महागड्या उपाहारगृहात काम करतो. तेथे पदार्थांची यादी दाखवून "काय आणू?" असे कोणी विचारीत नाही. आचारी ठरवील ते, आचारी ठरवील त्या क्रमाने, एकामागून एक घास-दोन घास असे दहा-बारा वेळा समोर येते. या पद्धतीला 'टेस्टिंग मेन्यू' असे म्हणतात. मराठीत सांगायचे तर, पोट भरण्यापेक्षा चव घेण्यासाठी मांडलेली पंगत.

मी जेवलो ते जेवण

इंदूरच्या भेटीपूर्वी काही महिने या तरुणाच्या आग्रहावरून मी तेथे एकदा जेवलो. त्याने आपल्या पगारातून पैसे भरले होते आणि नकार दिला असता तर तो दुखावला असता. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, मी संकोचत गेलो. माणशी काही हजार रुपये! ज्या घरांतून माझे रोजचे जाणे-येणे असते त्यांपैकी एखाद्या घराचा महिन्याचा शिधा त्यात सहज आला असता.

सुमारे अडीच तास आम्ही बसलो होतो. प्रथम कोकमाच्या बर्फाचा एकच चमचा आला. त्यानंतर नखाएवढ्या भाकरीच्या तुकड्यावर काहीतरी लालसर ठेवलेले आले. तोंडात घालताच मी ओळखले आणि मला हसू आवरेना. ती सुक्या बोंबलाची चटणी होती! पावसाळ्यात वसईकडील घरोघरी शेगडीवर बोंबील भाजले की जो वास गल्लीभर पसरतो, तोच वास त्या थंड, मंद उजेडाच्या दालनात पांढऱ्याशुभ्र थाळीवरून येत होता. पुढे एक मासा आला, एक रानभाजी आली, एका पदार्थात ताक होते, एकात नाचणी. शेवटचे तीन घास गोडाचे. प्रत्येक थाळीबरोबर नवे काटे-चमचे येत. सर्वांत नवलाची गोष्ट ही की, थाळी कित्येकदा स्वतः रांधणाराच घेऊन येई, समोर उभा राही आणि हा तांदूळ कोणत्या तालुक्यातला, हे मीठ कोणत्या आगरातले, हे दोन वाक्यांत सांगून जाई.

बाहेर पडताना पोट जड नव्हते, पण भूकही नव्हती. त्याचे कारण त्या तरुणाने नंतर समजावून दिले. एकच पदार्थ आपण खात राहिलो की त्याची गोडी घासागणिक उतरत जाते. वेगळी चव समोर आली की जीभ पुन्हा जागी होते. मनुष्याच्या भुकेचा हा धर्म शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिलेला आहे. म्हणून घास लहान आणि प्रकार पुष्कळ. हलक्याकडून जडाकडे, आंबटाकडून तिखटाकडे आणि शेवटी गोडाकडे, असा त्यांचा क्रम असतो. शिवाय जेवणारे किती आणि वाढायचे काय हे आधीच ठरलेले असल्याने सामान नेमके आणता येते आणि शिळे फारसे उरत नाही.

ही रीत आली कोठून?

युरोपातील श्रीमंतांच्या मेजवान्यांत एके काळी सारे पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. देखावा थोर, पण पाहुण्याच्या वाट्याला येई ते बहुधा निवलेले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये दुसरी रीत रुळली. ती रशियाकडून आली म्हणून तिला रशियन वाढप म्हणत. या रीतीत पदार्थ एकापाठोपाठ एक, गरमागरम येऊ लागले. मेजावर पुढचे काही दिसत नसल्याने काय येणार हे सांगणाऱ्या छापील पत्रिकेलाही महत्त्व आले.

जपानात सोळाव्या शतकात चहाच्या विधीबरोबर 'कैसेकी' नावाची भोजनपद्धती वाढीस लागली. ऋतूला साजेसे, थोडे-थोडे आणि क्रमाने वाढणे हे तिचे मर्म. फ्रान्समध्ये गो आणि मियो या दोन भोजन-समीक्षकांनी १९७३ साली नव्या पाककलेचे दहा नियम मांडले. जड रस टाळा, ताजे घ्या, पदार्थाची मूळ चव झाकू नका, असा त्यांचा रोख होता. फ्रेंच आचाऱ्यांना जपानी रीतीची ओढ लागली ती याच काळात, आणि या मिश्रणातून आजचा टेस्टिंग मेन्यू आकारास आला. पुढे स्पेनमध्ये फेरान आद्रिया यांच्या 'एल बुली'ने एका बैठकीत तीसहून अधिक पदार्थ वाढण्यापर्यंत मजल मारली. ते उपाहारगृह २०११ साली बंद झाले.

आपल्या देशात ही लाट उशिरा आली, पण जोराने आली. दिल्लीत २००९ साली 'इंडियन ॲक्सेंट' निघाले. मुंबईत महालक्ष्मीजवळ, जुन्या गिरणीच्या आवारात, २०१६ साली 'मास्क' निघाले आणि त्याने आचाऱ्याने ठरवलेल्या क्रमाचे भोजन हाच आपला बाणा ठेवला. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधील 'गा' या उपाहारगृहाला २०१८ साली मिशेलिन तारा मिळाला. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२५ साली दुबईतील 'त्रेसिंद स्टुडिओ' या हिमांशु सैनी यांच्या उपाहारगृहाला तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाला तो सर्वोच्च मान तोवर कोठेही मिळाला नव्हता.

हे वाचून कोणी म्हणेल, "यात नवे ते काय? आमच्या पंगतीतही यजमान ठरवील तेच पाहुणा जेवत असे." अगदी खरे आहे. केळीच्या पानावर मीठ कोठे, लिंबू कोठे, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, आरंभी वरणभात आणि शेवटी ताकभात किंवा दहीभात, हा क्रम आपल्या पूर्वजांनी कोणत्याही फ्रेंच पंडिताला विचारून बसवलेला नाही. हलक्या वरणभाताने सुरुवात करून पोट निववणाऱ्या ताकभाताने शेवट करावा, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आपल्या पंगतीत आणि त्या दालनात फरक आहे तो दुसराच, आणि त्याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

चांदी चकाकते, हात दिसत नाहीत

इंदूरलाच आणखी एक राजवाडा आहे, माणिकबाग. तिसऱ्या तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव १९२६ साली गादीवर आले. त्यांनी एकार्ट मुथेझियुस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० नंतरच्या काही वर्षांत तो बांधून घेतला. युरोपातील सर्वांत आधुनिक सामानसुमान तेथे आणले गेले आणि मेजावरची चांदीची उपकरणे पॅरिसचे विख्यात कारागीर झाँ प्युइफोर्का यांच्याकडून घडवून घेण्यात आली. आज त्या वास्तूत सरकारचे अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आहे आणि तेथील बहुतेक वस्तू जगभर विखुरल्या आहेत. २०१९ साली पॅरिसमध्ये या महाराजांच्या संग्रहाचे एक मोठे प्रदर्शन भरले होते.

पाहा, चमचा घडवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. दिवे कोणाचे, खुर्च्या कोणाच्या, गालिचे कोणाचे, हेही पुस्तकांत नमूद आहे. परंतु त्या चमच्याने जे खाल्ले गेले ते कोणी शिजवले? त्या आचाऱ्यांची नावे प्रदर्शनाच्या भिंतीवर कोण लावणार? जे काम रोज संपून जाते, ज्याचे फळ तासाभरात ताटातून नाहीसे होते, त्याची नोंद इतिहास ठेवीत नाही.

या दृष्टीने पाहता, ज्या उपाहारगृहात रांधणारा स्वतः थाळी घेऊन समोर येतो तेथे लालबागेचा तो बोगदा बुजवला गेला आहे, असे म्हणावेसे वाटते. मीही तसे त्या तरुणाला म्हणालो. तो हसला, पण त्याने मान्य केले नाही.

"फादर, समोर येतो तो एक. मागे असतात ते वीस. कोणी सकाळपासून वाटाणे सोलत असतो. कोणी रात्री एक वाजता तुमचीच पंधरा-वीस भांडी धूत असतो. एका माणसाला बारा थाळ्या म्हणजे भांडी किती, याचा हिशेब करा."

त्याचे म्हणणे किती सार्थ आहे याची साक्ष परदेशातून मिळते. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे २००३ साली निघालेले 'नोमा' हे उपाहारगृह अनेकदा जगातील सर्वोत्तम म्हणून गणले गेले. पाने, शेवाळे, मुळे यांतून नाजूक थाळ्या रचण्याचे तेथील बरेचसे काम वर्षानुवर्षे उमेदवारी करणारी तरुण मुले करीत आणि त्याबद्दल त्यांना वेतन मिळत नसे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्यांना वेतन देण्यास सुरुवात झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे संस्थापक रेने रेझेपी यांनी जाहीर केले की, या प्रकारचे उपाहारगृह या रूपात चालवणे आता टिकणारे नाही. जगातील सर्वांत श्रीमंत गिऱ्हाइके ज्या दारात रांगा लावीत, त्या घराचा हिशेब राबणाऱ्या प्रत्येकाला मोल देऊन जुळेना! यापेक्षा बोलके उदाहरण कोणते हवे?

म्हणून महाग म्हणजे वाईट, असा सोपा निर्णय मी देणार नाही. वेतन चोख असेल, शेतकऱ्याला भाव मिळत असेल, तर महागडे ताटही न्यायाचे असू शकते. उलट स्वस्त ताटामागे कोणाची तरी न मोजलेली मेहनत दडलेली असू शकते. किमतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की, जेवणाऱ्याच्या आणि रांधणाऱ्याच्या मध्ये बोगदा किती लांब आहे.

सराफ्यातील रात्र

लालबाग पाहिला त्याच रात्री आम्ही सराफ्यात गेलो. होळकरांची राजधानी १८१८ साली महेश्वराहून इंदूरला आली. राजवाड्याच्या सावलीत वाढलेला हा सोन्या-चांदीचा बाजार दिवसा जवाहिऱ्यांचा आणि रात्री खवय्यांचा असतो. दुकानांच्या फळ्या लागल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही.

तो तरुण म्हणाला, "फादर, आज इंदूरचा टेस्टिंग मेन्यू." आणि खरोखरच आम्ही तसेच जेवलो. पहिल्यांदा गराडू. हा एक कंद असून तो हिवाळ्यात येतो. फोडी तळतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा कढईत सोडून खरपूस करतात आणि वरून लिंबू व जिरावण नावाचा इंदुरी मसाला टाकतात. त्यानंतर भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसलेले मक्याचे दाणे दूध-मसाल्यात शिजवून केलेला मऊ पदार्थ. मग ओल्या नारळाचे सारण भरलेले खोबऱ्याचे पॅटीस, मग दहीवडा, आणि शेवटी ताटलीएवढा जलेबा व वर थंडगार शिकंजी. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते बरे का, ती आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची असते. प्रत्येक द्रोण आम्ही दोघांत वाटून घेतला. हलके आधी, गोड शेवटी. क्रम तोच, घास तसेच लहान. खर्च मात्र त्या दालनातील एका थाळीएवढाही झाला नाही.

येथे बोगदा तर नाहीच, साधी भिंतही नाही. कढई तुमच्या हातभर अंतरावर असते. दहीवडेवाला द्रोण हवेत उडवून झेलतो आणि निरनिराळे मसाले एकाच चिमटीत धरून बोटांच्या फटींतून एकेक वेगळा सोडतो. त्याचे कसब पाहूनच निम्मे पोट भरते. गिऱ्हाईक त्याला नावाने हाक मारते आणि तोही "क्या भैया, आज देर कर दी?" असे विचारतो.

पण तेथेही माझ्या सोबत्याने एक गोष्ट दाखवली. कढईमागे, उजेडापासून दूर, एक बाई पाटावर बसून मक्याची कणसे किसत होती. तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. तो तिच्यापाशी गेला आणि म्हणाला, "मौसी, कीस बहुत बढ़िया था." ती चपापली, मग पदर सावरून हसली. एवढेच घडले. पण मला वाटले, त्या रात्रीचे बिल खऱ्या अर्थाने आता चुकते झाले.

घरची पंगत

दुसरा दिवस रविवार होता. मुलाने जाहीर केले की, आजचे जेवण तो करणार आणि आई पहिल्या पंगतीला बसणार. हे ऐकताच घरात जणू अरिष्ट कोसळले! "फादर आले असताना मी कशी बसू? फादर, तुम्ही अगोदर जेवून घ्या. मी मागाहून बसते," असे ती म्हणू लागली. मी म्हणालो, "ताई, आज आचारी सांगेल तसे. आपण पाहुणे आहोत." वडिलांनीही तिचा हात धरून तिला बसवले. भोजनापूर्वीची प्रार्थना झाली. ती बसली खरी, पण खुर्चीच्या कडेवर, उठण्याच्या तयारीत.

पहिली थाळी आली. मी काही नाजूक कलाकुसरीची अपेक्षा केली होती. थाळीत होती एक पोळी. तव्यावरून त्याच क्षणी उतरलेली, टम्म फुगलेली, वर तुपाचा एक थेंब. दुसरे काही नाही. मुलाने ती फक्त आईपुढे ठेवली.

तो म्हणाला, "आई, वीस वर्षे रोज दोनशे पोळ्या लाटल्यास. गरम पोळी तू कधी खाल्लीस?"

ती काही बोलली नाही. तिने पोळीचा तुकडा मोडला. वाफ निघाली. तिने तो खाल्ला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तवा जरा जास्त तापलाय रे तुझा." आणि सगळे हसले, तीही हसली, पण तिने पोळी शेवटपर्यंत सावकाश, एकेक तुकडा करून संपवली.

त्यानंतर सात लहान थाळ्या आल्या. बटाट्याची भाजी, वरण, तांदळाची भाकरी व सुका बोंबील, मटारची उसळ, असे सारे तिच्याच डब्यातले आणि तिच्याच माहेरचे पदार्थ. मुलगा प्रत्येक वेळी उभा राहून सांगे, "ही भाजी परीक्षेच्या दिवसांत असायची, कारण तेव्हा बटाटे स्वस्त होते. हे वरण पातळ आहे, कारण त्या महिन्यात तुरीची डाळ महागली होती." वडील खाली मान घालून ऐकत होते. एवढा काळ एका घरात राहून त्यांना हे ठाऊक नव्हते. ती वरण पातळ का करते हे कोणी विचारलेच नव्हते. ती तीनदा उठली आणि तिन्ही वेळा मुलीने तिला बसवले. चौथ्यांदा ती उठली नाही.

वाचकहो, त्या क्षणी मला लालबागेतील बोगदा पुन्हा आठवला. राजवाड्यातील मुदपाकखाना नदीपलीकडे होता, म्हणून आपण त्याचे नवल करतो. आपल्या घरांत स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांत एक भिंत असते, पुष्कळ घरांत तीही नसते. तरीही तेथून ताट येते आणि रांधणारीची कहाणी येत नाही. मीठ कमी पडले तर तेवढा निरोप मात्र त्या बोगद्यातून तत्काळ परत जातो! सर्वांना गरम वाढून जी शेवटी एकटी, ओट्यापाशी, निवलेले जेवते, तिचा आणि आपला बोगदा किती लांब, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजावे. मीही मोजला. माझ्या निवासात माझे जेवण करणाऱ्या बाई कोणत्या वेळी जेवतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते, हे येथे कबूल करतो.

दहा-बारा थाळ्यांच्या त्या महागड्या जेवणात घेण्याजोगे पुष्कळ आहे. सावकाश जेवावे, थोडे घ्यावे, चव ओळखावी, अन्न कोठून आले आणि कोणाच्या हातून आले हे ऐकून घ्यावे. यांतील एकाही गोष्टीला हजारो रुपये लागत नाहीत. ते दालन ज्याची किंमत घेते ती मुख्यतः लक्ष देण्याची, आणि लक्ष देणे हे ज्याच्या-त्याच्या हातचे आहे.

येत्या रविवारी, वाचकहो, एवढे करून पाहा. घरात रोज जी रांधते, अगर जो रांधतो, त्याला पहिल्याने बसवा. पहिली गरम पोळी, पहिली गरम भाकरी त्याच्या ताटात पडू द्या. तवा जास्त तापेल, पोळी वेडीवाकडी होईल, काही बिघडत नाही. आणि खाताना एकच प्रश्न विचारा, "हे तू कसे करतेस?" उत्तर लांबलचक आले तर मध्ये बोलू नका.

इंदूरहून निघताना ती माउली दारापर्यंत आली. हातात नेहमीप्रमाणे माझ्यासाठी डबा होता. मी म्हणालो, "ताई, आता तरी विसावा घ्या." ती म्हणाली, "फादर, डबा कसला, चार पोळ्या आहेत. पण गाडीत निवतील हो. निवण्याआधी खा."